भोंग्याचा आवाज कुणी नेला?

"आत्या, आवाज गेला!"

दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. भाचा दारात उभा होता. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, तोंडावर उशीच्या सुरकुत्या.

"कुणाचा? तुझा तर चांगला शाबूत आहे. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातोय."

"भोंग्याचा! डबी गेली, आत्या. अख्खा अल्बम गेला!"

आत्याने चष्मा पुसला, वही घेतली, पेन्सिलीचं टोक बघितलं आणि मगच चपला घातल्या. चौतीस वर्षं तिने कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली होती. साक्षीदाराच्या तोंडून शब्द सुटायचा अवकाश, तो तिच्या वहीत बसलेला असायचा. एकदा एका वकिलाला ऐन युक्तिवादात शिंक आली, तीही तिने उतरवली आणि पुढे वरच्या कोर्टात त्या शिंकेवरून खटला फिरला, असं सांगतात. सांगणारे थोडं वाढवत असतील. शिंक मात्र खरी होती.

ही डबी म्हणजे मुठीत मावेल एवढी काळी हार्ड डिस्क. भाच्याला सगळे ठोका म्हणत, कारण तो गाण्याचे ठोके बांधायचा. ठोका, भोंगा आणि सुई हे तिघं मिळून हिप-हॉप ग्रुप, नाव 'तीन तिघाडा'. पहिल्या अल्बमचं नाव अर्थातच 'काम बिघाडा'. आत्याने तेव्हाच सांगितलं होतं, "पोरांनो, दाराला असली पाटी लावून पाहुण्याची वाट बघू नये." पण पोरांना कुठलं पटायला!

बारा गाणी. दोन वर्षांचं काम. संध्याकाळी पाचला अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस डबी न्यायला येणार होता. मिळाली नाही, तर कंपनीच्या यादीतली ह्यांची जागा दुसऱ्या ग्रुपला.

"दुसरी प्रत?" चालता चालता आत्याने विचारलं.

"नाही."

"कॉम्प्युटरमध्ये?"

"नाही. मागच्या वर्षी एक गाणं बाहेर पडायच्या आधीच फुटलं होतं ना? तेव्हा शपथ घेतली. एकच डबी, सगळं काम थेट तिच्यावर, नेटला जोडायचं नाही, प्रत काढायची नाही."

"म्हणजे चोराच्या भीतीने घराला एकच खांब ठेवलात."

ठोका भराभर चालत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाच वाजण्याच्या भीतीचं नव्हतं. ठोके पुन्हा बांधता आले असते. सुई पुन्हा गायली असती. भोंगा गाणार नव्हता.

भोंग्याचा आवाज म्हणजे काय चीज होती! तो गच्चीवर सराव करायचा तेव्हा समोरच्या पाण्याच्या टाकीवरची कबुतरं घर बदलून गेली होती. त्या आवाजाच्या जोरावरच ग्रुप उभा होता. पण बारा दिवसांपूर्वी, शेवटचं गाणं भरून झाल्या झाल्या, त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. सुई ज्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, तिच्याच वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे एक शब्द काढायचा नाही. त्यानंतर येईल तो आवाज जुनाच असेल, ह्याची हमी नाही.

म्हणजे भोंग्याचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता. त्या डबीत.

*

स्टुडिओ म्हणजे गाद्यांच्या गोदामामागची खोली. भिंतींना छतापर्यंत गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही. आत्याने दार ढकललं आणि भट्टीचं झाकण उघडल्यासारखी गरम हवा तोंडावर आली.

"एसी बंद पडलाय का तुमचा?"

"नाही," ठोका म्हणाला. त्याने बटण दाबलं. दळणाची गिरणी सुरू व्हावी तसा एसी घरघरायला लागला. "एकला कुलूप लावलं तेव्हा चालूच ठेवला होता. मशीन तापतं म्हणून दिवसभर चालू असतो."

"मग बंद कुणी केला?"

"चोराने केला असेल."

"भलताच काटकसरी चोर," आत्या म्हणाली आणि तिने तेवढं वहीत टिपलं.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली वीजमीटरच्या मागच्या खिळ्यावर असायची, ती तिथेच होती. खिळा ठाऊक असणारे चौघंच. टेबलावर डबीची जागा रिकामी होती, पण तिची वायर ओढून काढलेली नव्हती. गोल गुंडाळून, बंद लावून ठेवलेली होती.

खोलीच्या मधोमध माइकचा स्टँड होता. त्याच्या आडव्या दांडीखालून आत्या न वाकता पलीकडे गेली, कोपरे बघितले, परत आली. केसांचा अंबाडाही दांडीला लागला नाही.

"बाकीचे कुठायत?"

"बाहेर गोदामात. एकमेकांचे गळे धरायचे बाकी आहेत."

*

गोदामात गाद्यांच्या थप्प्यांमध्ये तिघं तीन दिशांना तोंडं करून उभे होते.

सुई, चणीने एवढीशी, जीभ मात्र नावाला जागणारी. मास्तर, पन्नाशीचा, गाण्यांचं मिक्सिंग करणारा, कानात कायम कापूस. बाहेरचा आवाज म्हणजे कचरा, तो कानात घेऊ नये, असं त्याचं मत. आणि भोंगा, साडेसहा फुटांचा, गळ्यात रुंद तोंडाचा थर्मास, हातात पाटी आणि खडू. बारा दिवस तो पाटीवरच बोलत होता.

"पोलिसांना बोलवा," मास्तर म्हणाला.

"बोलवू की," आत्या म्हणाली. "ते येतील, पंचनामा करतील आणि पाच वाजून जातील. एकेकजण इकडे या. मी विचारीन, तुम्ही सांगाल, मी लिहीन."

ती एका थप्पीवर बसली. शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला. साडेतीन वाजले होते.

पहिला मास्तर.

"एक ते तीन कुठे होता?"

"शाळेच्या सभागृहात. स्पीकर शिट्टी मारत होते, ते बघायला."

"कुणी बघितलं तुम्हाला?"

"स्पीकरांनी."

"सरळ उत्तर द्या. कोर्टात असं बोलणाऱ्याला साहेब पाणी पाजायचे."

"एकटाच होतो. झालं समाधान?"

"वायर गुंडाळून ठेवलेली आहे. तुमची पद्धत आहे ना ती?"

मास्तरचा चेहरा उतरला. "माझीच. पण तिघांना मीच शिकवली. वायर गुंडाळल्याशिवाय खोली सोडायची नाही. गाणं भरायची बटणंसुद्धा मीच शिकवली. माझं नाव कव्हरवर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात टाकलंय, म्हणून मी चोर, असं म्हणायचंय का?"

"मी काही म्हणत नाही. मी लिहिते."

दुसरा भोंगा. पाटीवर खडू कुरकुरला.

"तू कुठे होतास?"

'दवाखान्यात. तपासणीला.'

"डॉक्टर काय म्हणाले?"

'बोलू नको.'

"ते मलाही सांगता आलं असतं. कुणावर संशय?"

खडू थांबला. मग हळूच उमटलं, 'कुणावर नाही. जाऊ द्या.'

"जाऊ द्या? बाळा, चोरीला तुझा आवाज गेलाय."

त्याने मान खाली घातली. खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली, आत्याच्या शेजारचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. गिळताना त्याचा चेहरा कळवळला. आत्याने रिकाम्या ग्लासाकडे बघितलं, मग वहीत दोन रेघा ओढल्या.

तिसरी सुई. ती बसायच्या आधीच सुरू झाली.

"माझ्यावर संशय असेल तर आधीच सांगते. पाचव्या गाण्यातल्या माझ्या चार ओळी कापल्या, म्हणून मी भांडले. मोठ्याने भांडले. गपचूप काही करणं माझ्या रक्तात नाही, आणि रक्तातलं मला कळतं."

"आज इथे कधी आली होतीस?"

"सकाळी. शेवटच्या गाण्यातली एक ओळ पुन्हा भरायची होती. बाराला संपवली. घामाने न्हाऊन निघाले एका ओळीसाठी! मग मी आणि ठोका एकला बाहेर पडलो."

"तुझ्यानंतर कुणी काही भरलं?"

"कोण भरणार? काम संपलं होतं."

"मग?"

"मग लॅब. सव्वा ते पावणेतीन. आज वरचा दवाखाना बंद, त्यामुळे खाली चिटपाखरू नाही. दीड तास माश्यांचे रक्तगट ओळखत बसले." तिचा आवाज खाली आला. "आत्या, त्याच्याकडे बघा हो. काल पाटीवर विनोद लिहीत होता. दुखणं बंद झालं, गोळ्या सोडल्या म्हणून नाचला. आज परत गोळी घेतोय. धसकाच घेतलाय त्याने."

"बघितलं," आत्या म्हणाली.

ठोक्याला विचारायची गरज नव्हती. दीड ते पावणेतीन तो आत्याच्याच घरी झोपला होता, आणि त्याच्या घोरण्याची साक्ष तीन मजले देऊ शकत होते.

*

चार वाजून दहा मिनिटांनी गोदामात ठिणगी पडली.

"मास्तर, पिशवी उघडा," ठोका म्हणाला.

"काय?"

"पिशवी उघडा! वायर तुमच्या पद्धतीची, तुम्हाला कुणी बघितलं नाही, आणि त्या दुसऱ्या ग्रुपचं काम तुम्ही मागच्या महिन्यात केलंत. आपली जागा गेली की ती त्यांना मिळते. मी काय दूधखुळा आहे?"

मास्तरने पिशवी उघडली नाही, उलटीच केली. कापसाचा बोळा, दोन वायरी, चष्म्याचं घर, अर्धा पाव.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं ह्या पोराचा आवाज मी कानात सांभाळला. कुठे श्वास घेतो, कुठे हसू दाबतो, मला झोपेत सांगता येईल. आणि तू माझी पिशवी बघतोस? संपलं. तुमचं तुम्ही बघा."

तो दाराकडे निघाला. सुई आडवी आली, पण तिच्याही डोळ्यांत संशय होता, आणि तो मास्तरला दिसला. भोंगा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

आत्या उठली. गोदामाच्या दाराला आतून कडी घातली.

"कुणी जायचं नाही. सगळे आत चला, त्या भट्टीत. मला एक दाखवायचंय."

*

चार पस्तीस. आता एसीने खोली गार झाली होती आणि त्या घरघरीत एकमेकांचं बोलणंही धड ऐकू येत नव्हतं.

"मास्तर," आत्या ओरडली, "आत्ता इथे गाणं भरता येईल?"

"वेड लागलंय का? हा राक्षस चालू असताना?"

"मग काय करावं लागेल?"

"आधी तो बंद."

आत्याने बटण दाबलं. खोली एकदम मुकी झाली. प्रत्येकाला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

"आता वाचते," आत्या म्हणाली आणि वही उघडली. "एकला एसी चालू. तीनला बंद. ठोका म्हणाला, चोराने केला. पटलं. पण घाईत आलेला चोर ह्या उकाड्यात एसी का बंद करील? ज्याला नुसती डबी उचलायची आहे, तो ते बटण बघणारसुद्धा नाही. पण सुई आज सकाळी एका ओळीसाठी घामाने न्हाली. का? गाणं भरायचं म्हणजे एसी बंद. इथल्या माणसाचा हात त्या बटणाकडे आपोआप जातो. दुपारी जो आला, तो चोरी करायला आलाच नव्हता. तो गायला आला होता."

ठोक्याने एसीच्या बटणाकडे बघितलं.

"सुई, इकडे ये. माइकसमोर उभी राहा."

सुई उभी राहिली. माइक तिच्या डोक्यावर चांगला हातभर होता.

"सकाळी अशीच गायलीस? उड्या मारत?"

"नाही हो! तोंडासमोर होता. कुणी वर केला?"

"मीसुद्धा मघाशी त्याच्याखालून न वाकता गेले. मास्तर माझ्याएवढेच आहेत. ठोका माझ्या घरी घोरत होता, आणि त्यालाही तिथे पोचायला टाचा उचलाव्या लागतील. इथे हा माइक एकाच्याच तोंडाला येतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. साडेसहा फुटांवर भोंग्याचा चेहरा गाद्यांच्या खोळीसारखा पांढरा पडला होता.

"काहीतरीच!" ठोका म्हणाला. "त्याचाच आवाज तो कशाला चोरील? आणि तो दवाखान्यात होता."

"असं त्याने पाटीवर लिहिलं. दवाखाना आज बंद होता, सुई त्याच्याच खाली बसून माश्या मोजत होती. कालपर्यंत घसा बरा होता, गोळ्या सुटल्या होत्या. आज परत दुखायला लागला. न बोलणाऱ्याचा घसा एका दुपारीत कसा दुखेल? वायर गुंडाळली, कारण मास्तरांची शिकवण. मास्तर, तुमच्या शिकवणीनेच तुमच्यावर आळ आणला, माफ करा त्याला. आता राहिली डबी."

ती भोंग्यासमोर जाऊन उभी राहिली. बोलायला तिला मान बरीच वर करावी लागली.

"बाळा, गळ्यात थर्मास अडकवून फिरणारा माणूस गोळी घ्यायला माझा ग्लास का उचलतो?"

भोंग्याने डोळे मिटले. मग हळूहळू थर्मासचं झाकण फिरवलं. आत पाणी नव्हतं. रुमालात गुंडाळलेली डबी होती, कोरडीठाक.

ठोका पुढे झेपावला, पण सुईने त्याचा शर्ट मागून धरला. "थांब रे! फोडायची असती तर आत्तापर्यंत नाल्यात गेली असती."

"का?" मास्तरने विचारलं. एवढाच शब्द.

भोंग्याने पाटी घेतली. तुटका खडू टेकवला, एक अक्षर काढलं, पुसलं. मग पाटी खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

"लोक तो आवाज मागतील."

बारा दिवसांत पहिल्यांदा. कबुतरं उडवणारा तो गडगडाट कुठेच नव्हता. वाळूवरून पाणी सरकावं तसा आवाज, कडांना फाटलेला.

"बोलू नकोस, मेल्या!" सुई ओरडली.

"बोलू दे. अल्बम निघाला की लोक कार्यक्रमाला येतील. तो आवाज ऐकायला. आणि स्टेजवर हा उभा राहील." त्याने गळ्यावर बोट ठेवलं. "जन्मभर मी माझीच नक्कल करायची. तीही वाईट. म्हटलं, एक गाणं ह्या आवाजात भरून बघू. जमलं तर सगळं नव्याने करू. भरलं. जुनं लावलं, मग नवं लावलं. आणि..."

"आणि डबी काढलीस."

"मोडायची होती. हात उठला नाही. म्हटलं, निदान पाच वाजू देत, तो माणूस रिकाम्या हाताने परत जाईल. माझ्यापायी मास्तर..." मास्तरने कानातला कापूस काढला, खिशात टाकला आणि डबी त्याच्या हातातून घेतली.

वायर जोडली. पडद्यावर यादी उघडली. चार पंचेचाळीस.

"बाराच्या बारा आहेत," मास्तर म्हणाला. मग पुढे सरकला. "तेरावं एक आहे. आज दुपारी, एक बावन्न."

"ते पुसा," भोंगा म्हणाला.

"आवाज तुझा आहे," आत्या म्हणाली. "पुसायचं असेल तर तू पूस. ते बाराही तुझे, वाटलं तर तेही पूस, कुणी हात धरणार नाही. पण चौतीस वर्षांत मी न ऐकता एकही निकाल उतरवला नाही. आधी ऐकू."

भोंग्याने पडद्याकडे बघितलं. मग त्याने मान डोलावली, आणि मास्तरने बटण दाबलं.

आधी नुसता श्वास. मग ती वाळू. गडगडत जाणाऱ्या ओळी आता चोरपावलांनी येत होत्या, एका ठिकाणी आवाज फाटला, सुटला, त्याने परत पकडला. पाचव्या गाण्यातल्या कापलेल्या चार ओळीही त्यात होत्या, सुईच्या, त्याने म्हटलेल्या. जुना आवाज ऐकताना माणसं मागे सरायची. आता चौघंही नकळत स्पीकरकडे वाकली होती. ठोक्याची बोटं मांडीवर हलायला लागली, अगदी हळू, ह्या गाण्याला आजवर नसलेला ठोका शोधत.

संपलं.

"माझ्या ओळी," सुई म्हणाली. "ह्या ओळींसाठी मी तीन महिने भांडतेय. त्या अशा म्हणायच्या असतात, हे मलाच माहीत नव्हतं." आणि तिने नाक जोरात पुसलं, रागावल्यासारखं.

"ह्याला मिक्सिंग लागणार नाही," मास्तर म्हणाला. "हात लावला तर मरेल."

ठोका त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मास्तर, ती पिशवी..."

"मुंगीएवढी अक्षरं, कव्हरच्या पुढच्या बाजूला," मास्तर म्हणाला. "मग बघू."

गोदामाचं दार वाजलं. पाचला दोन मिनिटं कमी होती. आत्याने कडी काढली. कंपनीचा माणूस आत आला, बूट पुसले, घड्याळ बघितलं, त्याच्या हातात छापील यादी होती.

सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. डबी त्याच्यासमोर टेबलावर होती. पुसायचं बटण त्याच्या बोटापासून वीतभर. त्याने हात पुढे केला, डबी सोडवली, वायर गोल गुंडाळली, बंद लावला आणि डबी त्या माणसाच्या हातात ठेवली.

"कागदावर बारा लिहिलीयत," मास्तरने सांगितलं. "तेरा आहेत."

"तेरा? आम्हाला कळवलं नाही कुणी. शेवटचं कोण गातंय? पाहुणा कलाकार आहे का? नाव लागेल."

भोंग्याने तोंड उघडलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. कंपनीच्या माणसाने पेन थांबवलं, नीट ऐकायला दोन पावलं जवळ आला, आणि म्हणाला, "पुन्हा सांगता?"